कामांची यादी स्वतःच्या यंत्रावर: करसल्लागारांच्या कार्यालयात व्हिकुन्या बसवताना

नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरच्या परिसरात आमचे करसल्लागारांचे छोटे कार्यालय आहे. आम्ही दोघे भागीदार आणि चार सहकारी मिळून सराफ बाजारातील पेढ्या, अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योग आणि पिंपळगावकडचे काही द्राक्ष निर्यातदार अशा पक्षकारांची विवरणपत्रे भरतो. जानेवारी ते एप्रिल २०२६ या काळात आम्ही ‘व्हिकुन्या’ हे मुक्त स्रोत कार्यव्यवस्थापन ॲप स्वतःच्या यंत्रावर, डॉकर या साधनाच्या कंटेनरमध्ये (ॲपसाठीच्या बंद डब्यात) सुरू केले. आमच्यापैकी कोणीही संगणक अभियंता नाही. ॲप बसवण्याची माहिती जागोजागी मिळते, परंतु ते बसवल्यानंतर एखाद्या कार्यालयाला ते रोज वापरता यावे यासाठी जे काही करावे लागते त्याबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळाले नाही, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

गरज निर्माण झाली ती २०२५ च्या मुदतवाढींमुळे. लेखापरीक्षण नसलेल्या करदात्यांची प्राप्तिकर विवरणपत्राची ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर आणि मग ऐनवेळी १६ सप्टेंबर झाली. लेखापरीक्षण अहवालाची ३० सप्टेंबरची मुदत ३१ ऑक्टोबर आणि पुढे १० नोव्हेंबर झाली. त्या करदात्यांचे विवरणपत्र १० डिसेंबरवर गेले. दर वेळी एक्सेलच्या तक्त्यातील तारखा बदलायच्या, तो तक्ता सर्वांना पाठवायचा आणि तरीही कोणाच्या तरी संगणकावर जुनीच प्रत उघडी असायची. ‘हे काम कोणाकडे आहे’ या प्रश्नाचे उत्तर व्हॉट्सॲपच्या गटात मागे मागे जाऊन शोधावे लागत असे. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होणार असल्यामुळे कामांची यादी तशीही नव्याने मांडावी लागणारच होती.

तयार ऑनलाइन सेवा आम्ही पाहिल्या. त्या दरमहा दर व्यक्तीमागे पैसे घेतात, तथापि आमची खरी अडचण पैशांची नव्हती. कामाच्या नोंदीत पक्षकाराचे नाव, पॅन, थकीत रक्कम आणि कधीकधी नोटिशीची प्रतही असते, आणि ती कोणत्या देशातील यंत्रावर साठवली जाते हे पक्षकाराने विचारले तर आम्हाला सांगता आले पाहिजे असे माझ्या भागीदारांचे म्हणणे होते. (पोर्टलचे पासवर्ड मात्र कामाच्या नोंदीत कधीही लिहू नयेत; ॲप स्वतःच्या यंत्रावर असले तरीही. त्यासाठी पासवर्ड सांभाळणारे वेगळे साधन ठेवावे.) व्हिकुन्या निवडण्याचे कारण असे की ते गो भाषेत लिहिलेले असून अगदी कमी मेमरीत चालते, एकाच कंटेनरमध्ये सगळे येते, आणि तीच कामे यादी, तक्ता, कानबान फळा (टप्प्यांच्या रकान्यांत कामांच्या चिठ्ठ्या) किंवा गँट आलेख (कालरेषेवर कामांच्या पट्ट्या) अशा चारही प्रकारे पाहता येतात. आमच्या ज्येष्ठ भागीदारांना तक्ता हवा होता आणि तरुण सहकाऱ्यांना फळा.

जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरला संपले आणि ५ जानेवारीला आम्ही पहिले पाऊल उचलले, ते म्हणजे इंटरनेट पुरवठादाराकडे स्टॅटिक आयपीचा, म्हणजे इंटरनेटवरील न बदलणाऱ्या पत्त्याचा, अर्ज. ॲप बसवण्याआधी अर्ज करण्याचे कारण सांगतो. राउटरच्या पानावर आम्हाला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते पुरवठादार अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्यासाठी वापरतात. अशा जोडणीवर बाहेरून कार्यालयातील यंत्रापर्यंत थेट पोहोचता येत नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट (आत येण्याची क्रमांकित दारे) उघडले तरी. तेव्हा कोणीही हे काम हाती घेणार असेल, तर सर्वप्रथम राउटरमधील पत्ता आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील पत्ता ताडून पाहावेत. दोन्ही एकच असतील तर ठीक; वेगळे असतील तर अर्ज करावा लागेल आणि त्यात वेळ जाईल.

तो गेलाच. लेटरहेडवर अर्ज, त्यावर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याची सही आणि शिक्का, जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, फर्मचा पॅन, सही करणाऱ्याचे आधार, आणि स्टॅटिक आयपी कशासाठी हवा आहे याचे एका परिच्छेदाचे स्पष्टीकरण अशी कागदपत्रे मागितली गेली. आमची जोडणी मुळात भागीदारांच्या वैयक्तिक नावावर आणि घरगुती योजनेत होती, त्यामुळे आधी ती फर्मच्या नावावर आणि व्यावसायिक योजनेत बदलून घ्यावी लागली. अर्ज एका विभागाकडे, पैसे दुसऱ्याकडे आणि प्रत्यक्ष जोडणी तिसऱ्याकडे असल्यामुळे प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक नव्याने सांगावा लागत होता. वर्षाचे शुल्क २,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे २,९५० रुपये भरले. बीजक फर्मच्या जीएसटी क्रमांकासह मागून घ्यावे, नाहीतर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही. हे इतरांना रोज सांगणाऱ्या आम्हालाही ते दोनदा मागावे लागले. पत्ता प्रत्यक्षात मिळाला तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात.

दरम्यान यंत्र घेतले. एम. जी. रोडवरील एका दुकानातून वापरलेला, तपासून दिलेला छोटा डेस्कटॉप १४,५०० रुपयांना मिळाला: आठ जीबी मेमरी, २५६ जीबी एसएसडी. सहा जणांच्या कामांच्या यादीसाठी हेदेखील गरजेपेक्षा जास्त आहे. सरासरी पंधरा वॅट धरले तर महिन्याला अकराच्या आसपास युनिट होतात, म्हणजे विजेच्या बिलात हा खर्च शोधावा लागतो. यंत्राबरोबर एक लहान यूपीएस घेतला आणि बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हावे’ ही सोय चालू केली. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु रविवारी देखभालीसाठी वीज बंद राहिली आणि यूपीएसची क्षमता संपली तर सोमवारी सकाळी कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याची वाट पाहत बसावे लागते.

यंत्रावर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली आणि डॉकर बसवले. डॉकर डेस्कटॉप नव्हे, तर लिनक्ससाठीचे डॉकर इंजिन आणि त्याबरोबरचे कंपोज (कंटेनर कसा चालवायचा हे एका फाइलीत लिहून देण्याचे साधन). कंटेनरची कल्पना आमच्या ज्येष्ठ भागीदारांना समजावताना मी एवढेच सांगितले की ॲप आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एका बंद डब्यात येते, डबा कधीही टाकून नवा आणता येतो, मात्र आपला माल डब्याबाहेर ठेवायचा असतो. तो माल म्हणजे दोन फोल्डर: एकात डेटाबेस, दुसऱ्यात जोडलेली कागदपत्रे. कंपोजच्या फाइलीत चारच गोष्टी लिहायच्या असतात, त्या म्हणजे कोणती इमेज (डब्याचा तयार साचा) आणि तिची कोणती आवृत्ती, कोणते पोर्ट, कोणते फोल्डर आणि कोणती समायोजने. डेटाबेससाठी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट यांपैकी निवड करता येते. जाणकारांचा कल पोस्टग्रेसकडे असतो, पण सहा माणसांच्या कार्यालयासाठी एका फाइलीत मावणारे एसक्यूलाइट पुरेसे आहे असे माझे मत झाले आणि ते अजून बदललेले नाही.

पहिल्या संध्याकाळी कंटेनर सुरू झाला आणि लगेच बंद पडला. लॉगमध्ये, म्हणजे ॲपने लिहिलेल्या नोंदींत, डेटाबेसची फाइल उघडता येत नसल्याची तक्रार होती. कारण असे की फोल्डर आधी तयार केलेले नसेल तर डॉकर ते स्वतः तयार करतो आणि त्याची मालकी रूटकडे (यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे) जाते. व्हिकुन्या मात्र कंटेनरच्या आत १००० क्रमांकाचा साधा वापरकर्ता म्हणून चालते, त्यामुळे त्याला तेथे लिहिता येत नाही. दोन्ही फोल्डर आधी तयार करून त्यांची मालकी १००० क्रमांकाकडे दिली की प्रश्न मिटतो. या इमेजमध्ये शेल (कमांड टाइप करण्याची सोय) नसते, म्हणजे कंटेनरच्या ‘आत शिरून’ पाहण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. जे कळायचे ते लॉगमधूनच. नवख्या माणसाला लॉगची भीती वाटते, पण त्यातील शेवटच्या दहा ओळी सावकाश वाचल्या तर बहुतेक वेळा कारण त्यातच असते.

३४५६ या पोर्टवर ॲपचे पान उघडले तेव्हा आनंद झाला, आणि त्याच वेळी लक्षात आले की यंत्रावरील फायरवॉलमध्ये हे पोर्ट उघडलेलेच नाही. तरीही शेजारच्या लॅपटॉपवर पान दिसत होते. याचे कारण सर्वांना माहीत असावे असे आहे: डॉकर स्वतः नेटवर्कचे नियम लिहितो आणि ते नियम यूएफडब्ल्यूच्या (यंत्रावरील फायरवॉलच्या) नियमांच्या आधी लागू होतात, म्हणून फायरवॉल ‘बंद’ दाखवत असली तरी कंटेनरचे प्रकाशित पोर्ट उघडेच असते. कंपोजच्या फाइलीत पोर्टच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहिला की ते फक्त त्याच यंत्रापुरते राहते, आणि पुढे उभ्या केलेल्या वेब सर्व्हरमार्फतच ॲपपर्यंत जाता येते. स्टॅटिक आयपी मिळाल्यावर ही बाब शोभेची राहत नाही.

समायोजनांपैकी चार गोष्टींचा उल्लेख करतो. पहिली, सार्वजनिक पत्ता: ज्या नावाने ॲप उघडणार तेच नाव शेवटच्या अक्षरापर्यंत येथे लिहावे लागते, अन्यथा ॲपकडून येणाऱ्या ईमेल-पत्रांतील दुवे चुकीच्या ठिकाणी नेतात. दुसरी, प्रवेशाच्या टोकनांसाठी (लॉगिनच्या डिजिटल पासांसाठी) लागणारी गुप्त किल्ली: ती आपण दिली नाही तर ॲप प्रत्येक वेळी सुरू होताना नवी तयार करते आणि कंटेनर पुन्हा सुरू केला की सर्वजण बाहेर फेकले जातात. तिसरी, वेळेचे क्षेत्र: काही न सांगितल्यास ग्रीनिचची वेळ धरली जाते, म्हणजे थकीत कामांचे सकाळी नऊचे पत्र आपल्याकडे दुपारी अडीचला येते, सर्व्हरवर कोलकात्याचे क्षेत्र दिल्यावरही आधी तयार झालेल्या खात्यांमध्ये प्रत्येकाने ते तपासून घ्यावे. चौथी, नोंदणी: मुळात कोणीही खाते उघडू शकतो, तेव्हा आपल्या माणसांची खाती झाली की ही सोय बंद करावी. नंतर नवा सहकारी आला तर सर्व्हरवरील कमांडने खाते तयार करता येते.

पत्रे पाठवण्यासाठी कार्यालयाच्या जीमेल खात्याचा वापर केला. त्यासाठी त्या खात्याचे द्विस्तरीय सत्यापन चालू करून वेगळा ‘ॲप पासवर्ड’ काढावा लागतो. नेहमीचा पासवर्ड चालत नाही.

पुढे नाव आणि प्रमाणपत्र. डॉट इन डोमेन साधारण ७०० रुपयांत एका वर्षासाठी घेतले. नोंदणीनंतर ओळखपत्राच्या पडताळणीची मागणी आली आणि ती पूर्ण होईपर्यंत थांबलो. एचटीटीपीएससाठी (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीसाठी) कॅडी हा वेब सर्व्हर दुसऱ्या कंटेनरमध्ये ठेवला, कारण तो लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची नव्वद दिवसांची प्रमाणपत्रे स्वतः आणतो आणि स्वतः नूतनीकरण करतो. आम्हाला वेबचे पोर्ट जगासाठी उघडायचे नव्हते, म्हणून डोमेनच्या डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदीतून मालकी सिद्ध करण्याची पद्धत निवडली. त्यासाठी कॅडीच्या नेहमीच्या इमेजऐवजी आपल्या डीएनएस सेवेचे प्लगइन असलेली इमेज तयार करून घ्यावी लागते. येथे अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याची मदत झाली. दोन सूचना: अशा प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक यादीत होते, म्हणून उपनावात पक्षकाराचे किंवा कामाचे नाव घालू नये; आणि लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून मुदत संपण्याची आठवण देणारी पत्रे बंद केली आहेत, तेव्हा ती तारीख पाहण्याची सोय आपणच करावी.

स्टॅटिक आयपी जोडण्यासाठी पुरवठादाराचा तंत्रज्ञ आला तेव्हा त्याने सहज विचारले, “सर, कॅमेऱ्यासाठी घेताय ना? मग सगळे पोर्ट उघडून देतो.” “नको दादा,” मी म्हटले, “एकच उघडायचे आहे, आणि तेही यूडीपी.” त्याला ते विचित्र वाटले असावे. आमचा निर्णय असा होता की ॲप थेट इंटरनेटवर ठेवायचेच नाही. बाहेरून येणाऱ्याने आधी वायरगार्डच्या व्हीपीएनमधून (एन्क्रिप्ट केलेल्या खासगी मार्गातून) कार्यालयाच्या जाळ्यात यायचे आणि मगच पान उघडायचे. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, ५१८२० हे त्याचे नेहमीचे पोर्ट, आणि ओळखीची किल्ली नसलेल्या कोणालाही ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणी करणाऱ्याला तेथे काही आहे हेदेखील कळत नाही. प्रत्येक सहकाऱ्याच्या फोनसाठी वेगळी किल्ली तयार करून ती क्यूआर कोडने दिली. करविषयक माहिती हाताळणाऱ्या छोट्या कार्यालयाने यापेक्षा ढिली व्यवस्था ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना स्टॅटिक आयपी मिळणे शक्य नाही त्यांनी भाड्याचा छोटा सर्व्हर घेणे अधिक सोपे पडेल. त्यात ‘यंत्र आमच्या कपाटात आहे’ हे समाधान मात्र मिळत नाही.

फेब्रुवारीत फक्त जीएसटीची कामे ॲपवर आणली. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० तारखेला जीएसटीआर-३बी (सारांश आणि कर भरणा; पुढे नुसते ३बी). ७ तारखेला टीडीएसचा भरणा, १५ तारखेला भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय ही कामे नंतर जोडायची असे ठरले. पुनरावृत्ती होणारी कामे हा या ॲपमधील आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग होता आणि त्यातच सर्वाधिक विचार करावा लागला. पुनरावृत्ती ‘दर तीस दिवसांनी’ अशी दिली तर २० जानेवारीचे काम १९ फेब्रुवारीला येते आणि त्यानंतर २१ मार्चला, म्हणजे मुदत उलटल्यावर. ३बी उशिरा भरल्यास दिवसाला पन्नास रुपये आणि व्यवहारच नसलेल्या विवरणपत्राला वीस रुपये विलंब शुल्क असते, व्याज वेगळे. म्हणून ‘दरमहा’ हा पर्याय निवडणे आवश्यक आहे. काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून पुढची तारीख मोजण्याचा तिसरा पर्यायही आहे. तो यंत्राच्या सर्व्हिसिंगसारख्या कामांना योग्य असेल, कायद्याने ठरलेल्या तारखांना नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. पुनरावृत्तीचे काम ‘पूर्ण’ केले की व्हिकुन्या तेच काम पुढील तारखेसह पुन्हा उघडते. जानेवारीचे वेगळे आणि फेब्रुवारीचे वेगळे असे काम उरत नाही. साध्या घरगुती यादीला हे ठीक आहे. आमच्याकडे मात्र मे महिन्यात पक्षकार विचारतो की डिसेंबरचे ३बी कोणी भरले आणि पोचक्रमांक काय, आणि त्याचे उत्तर एका जागी मिळाले पाहिजे. काही दिवस आम्ही पोचक्रमांक त्याच कामाखालील टिप्पणीत लिहून पाहिला. टिप्पण्यांची रांग वाढत गेली आणि कोणती कोणत्या महिन्याची हे वाचणाऱ्याला जुळवत बसावे लागले. अखेरीस पुनरावृत्ती पूर्णपणे सोडून दिली. आता नमुन्याचा एक प्रकल्प तयार ठेवला आहे, ज्यात प्रत्येक पक्षकाराची मासिक कामे आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला त्याची प्रत काढून तिला ‘जीएसटी, मार्च २०२६’ असे नाव देतो, आणि भाच्याने लिहिलेला लहानसा पायथन प्रोग्राम ॲपच्या एपीआयमार्फत (दुसऱ्या प्रोग्रामने ॲप चालवण्याच्या सोयीमार्फत) सर्व तारखा एकदम त्या महिन्याच्या करतो. हाच प्रोग्राम मुदतवाढीच्या अधिसूचनेच्या दिवशीही उपयोगी पडणार आहे. एपीआयचे टोकन काढताना त्याला फक्त कामे वाचण्याचा आणि बदलण्याचा अधिकार दिला.

फेब्रुवारीतच एक प्रसंग घडला तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. सिंहस्थ २०२७ च्या तयारीसाठी शहरात जागोजागी खोदकाम चालू आहे आणि १८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी आमच्या भागातील फायबर तुटली. १९ ला शिवजयंतीची सुट्टी, २० ला ३बीची मुदत. विवरणपत्रे भरण्यासाठी आम्ही फोनच्या हॉटस्पॉटवर काम चालवले, त्यात नवल नाही. पण कामांची यादी तर कार्यालयातीलच कपाटात, केबलने जोडलेल्या यंत्रावर होती, तिला बाहेरच्या इंटरनेटशी काय देणेघेणे, असे आम्ही समजत होतो आणि ती उघडेना. यंत्र चालू होते, कंटेनर चालू होते, लॉगमध्ये तक्रार नव्हती. यंत्राच्या आयपी पत्त्यावर पिंग केले तर उत्तर येत होते. नावाने केले तर नाही. उलगडा तेव्हा झाला: आमच्या डोमेनचे नाव कोणत्या पत्त्याचे आहे हे विचारण्यासाठी प्रत्येक संगणक बाहेरच्या डीएनएसकडे जात होता, आणि बाहेर जाण्याचा रस्ताच बंद होता. सहा फुटांवरच्या यंत्राचा पत्ता विचारायला प्रश्न शहराबाहेर जात होता. त्या दिवशी प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलीत (नावे आणि पत्त्यांच्या स्थानिक यादीत) एक ओळ लिहून काम भागवले. नंतर त्याच यंत्रावर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर बसवून कार्यालयातील सर्वांना नावाचे उत्तर तेथूनच मिळेल असे केले, आणि वायरगार्डवरून येणाऱ्या फोनांनाही तोच पत्ता दिला. तेव्हापासून मी कोणतीही अशी व्यवस्था उभी केली की राउटरची बाहेरची केबल काढून ती चालते का हे पाहतो.

मार्च महिना बॅकअपला दिला. एसक्यूलाइटची फाइल ॲप चालू असताना नुसती कॉपी करू नये. लिहिणे अर्धवट असताना घेतलेली प्रत बिघडलेली निघू शकते. व्हिकुन्याची स्वतःची ‘डंप’ नावाची कमांड आहे, जी डेटाबेस, जोडलेली कागदपत्रे आणि समायोजने एका झिप फाइलीत बांधते. रात्री एक वाजता ही कमांड आपोआप चालते. समायोजनांबरोबर गुप्त किल्ली आणि पत्राचा पासवर्डही त्या झिपमध्ये जातो, म्हणून ती एन्क्रिप्ट केल्याशिवाय यंत्राबाहेर नेऊ नये. एक प्रत यंत्रावर, एक कार्यालयातील बाह्य डिस्कवर आणि एक दर शनिवारी माझ्या इंदिरानगरच्या घरी. घरच्या प्रतीची गरज कोणालाही पटवून द्यावी लागली नाही. १९ सप्टेंबर २००८ आणि २ ऑगस्ट २०१६ च्या पुरांत गोदावरी सराफ बाजारात शिरली होती, आणि तेथील पक्षकारांच्या भिजलेल्या वह्या वाळवून हिशेब जुळवण्याचे काम आमच्या ज्येष्ठ भागीदारांनी केलेले आहे.

बॅकअप परत उभा करून पाहिल्याशिवाय तो असल्याचे समजू नये. एका जुन्या लॅपटॉपवर डॉकर टाकून ‘रिस्टोर’ चालवले तर ॲपने नकार दिला, कारण झिप ज्या आवृत्तीत तयार झाली तीच आवृत्ती परत उभी करताना लागते आणि लॅपटॉपवर त्याहून नवी इमेज आली होती. यासाठी कंपोजच्या फाइलीत ‘लेटेस्ट’ न लिहिता नेमका आवृत्ती क्रमांक लिहावा, आणि झिपच्या नावातही तो क्रमांक घालावा. योग्य आवृत्ती घेतल्यावर सर्व कामे आणि कागदपत्रे जशीच्या तशी आली. आवृत्ती बदलण्याचे काम आम्ही महिन्याच्या २३ तारखेनंतरच करतो, आधी डंप घेऊन आणि बदलांची टिपणे वाचून.

माणसांच्या सवयीबद्दल थोडे. मराठीत लिहिलेली कामे, शोध आणि पत्रे यांत काही अडचण आली नाही. झटपट नोंदीच्या ओळीत व्यक्तीसाठी ‘ॲट’चे चिन्ह, लेबलसाठी तारांकन आणि प्राधान्यासाठी उद्गारचिन्ह चालते, तारखेचे शब्द मात्र इंग्रजीत लिहावे लागतात. सुरुवातीला सहकारी काम व्हॉट्सॲपवर सांगत आणि ॲपवरही लिहीत. एक सहकारी ताई म्हणाल्या, “सर, दोन ठिकाणी लिहायचं असेल तर मी एका ठिकाणी विसरणारच.” त्यांचे म्हणणे रास्त होते. १ एप्रिलपासून नियम केला की ॲपवर नसलेले काम कोणी कोणाला दिलेले नाही असे धरले जाईल, आणि हा नियम आम्हा भागीदारांनाही लागू आहे. ज्येष्ठ भागीदारांसाठी दर सोमवारी त्या आठवड्याचा तक्ता छापून ठेवला जातो. तो बंद करण्याचा आग्रह मी धरलेला नाही.

एकूण खर्च यंत्र, यूपीएस आणि बाह्य डिस्क मिळून २३,००० रुपयांच्या आत राहिला आणि दरवर्षी डोमेन व स्टॅटिक आयपीचे मिळून ३,७०० रुपयांच्या आसपास लागतील. या दोन्ही नूतनीकरणांच्या तारखा ॲपमध्ये आहेत, शिवाय कार्यालयाच्या भिंतीवरील कॅलेंडरवरही लिहिल्या आहेत, कारण स्टॅटिक आयपीचे शुल्क राहून गेले तर बाहेरून ती यादी उघडणारच नाही.

शेवटी एक कार्यपद्धती, जी आम्ही लिहून कपाटाच्या आतील बाजूस चिकटवली आहे. सहकारी काम सोडून जातो तेव्हा त्याच दिवशी त्याच्या फोनची वायरगार्ड किल्ली सर्व्हरवरून काढायची, त्याच्याकडील अपूर्ण कामे दुसऱ्याच्या नावावर करायची, त्याचे एपीआय टोकन असल्यास रद्द करायचे आणि मग खाते निष्क्रिय करायचे. खाते काढून टाकायचे नाही, कारण त्याने वर्षभरात लिहिलेल्या टिप्पण्यांखाली त्याचे नाव राहिले पाहिजे. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड आणि बॅकअपची किल्ली बंद पाकिटात दोन्ही भागीदारांकडे असते, आणि पाकीट उघडले गेले तर किल्ली बदलून नवे पाकीट तयार करायचे, असे त्याच कागदावर खाली लिहिले आहे.